बोंबेचा शंखनाद

वाळलेली हळद लोखंडी ढोलात घालून फिरवली की जो आवाज होतो, तो तुम्ही कधी ऐकला आहे का? फाल्गुन सरू लागला की आमच्या हिंगोलीकडे तो गावोगाव सुरू होतो. शिजवून, उन्हात पसरून खडखडीत झालेली हळकुंडं त्या ढोलात एकमेकांवर आदळतात, अंगावरची काळपट खरखरीत साल झाडून टाकतात आणि आत दडलेला पिवळा रंग उघडा पाडतात; पण ते सौंदर्य प्रकट होईपर्यंत असा कर्कश, असा बेताल, असा अखंड खडखडाट चालतो की शेजारी उभ्या माणसाशीही खुणांनीच बोलावं लागतं. हवेत पिवळी धूळ तरंगत असते, नाकात तिखट-मातकट वास भरतो आणि घरी येऊन पदर कितीही झटकला तरी तो दोन दिवस जात नाही. आखाडा बाळापूरच्या रस्त्यालगत अशाच एका शेडसमोर मी एका दुपारी कान दाबून उभी होते. हळदीचा ढोल बंद होता. आतून येणारा आवाज माझ्या जुन्या विद्यार्थिनीच्या गाण्याचा आहे, हे ध्यानात यायला मला बराच वेळ लागला.

रेणुका तिचं नाव. कळमनुरीच्या ज्या शाळेत मी अठ्ठावीस वर्षं मराठी शिकवलं, तिथे ती पाचवीपासून दहावीपर्यंत होती. बाळापूरच्या पलीकडच्या खेड्यातून ती सकाळच्या एसटीने यायची आणि संध्याकाळच्या एसटीने परत जायची. आता ती बाळापुरात दाखले काढून देणाऱ्या केंद्रात संगणकावर बसते. दिवसभर लोकांचं उत्पन्न, रहिवास आणि जात टंकते आणि संध्याकाळी या शेडमध्ये येऊन ओरडते. गाते असं मी म्हणणार होते, पण तो शब्द तिलाच मान्य नाही. गिटार वाजवणारा सचिन तिचा चुलतभाऊ, शेड त्याच्याच घरची. ड्रमवर अझहर, त्याचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान आहे. अशा तिघांचा हा पंक रॉक बँड. पंक म्हणजे काय, हे तिने मला अगदी थोडक्यात समजावलं होतं: तीन सूर आले तरी भागतं, गळा गोड नसला तरी चालतो, पण राग खोटा असला तर लगेच पकडला जातो. रेडिओवरच्या भावगीतांवर पोसलेला माझा कान! मला हसू आलं, आणि मी ते लपवलंही नाही.

बँडचं नाव त्यांनी ठेवलं होतं ‘बोंब’.

काय शब्द आहे पाहा हा! उच्चारताना ओठ मिटतात, फुटतात आणि पुन्हा मिटतात. जणू शब्द स्वतःच तोंडावर हात मारून घेतो. शिमग्याला पालथा हात तोंडावर आपटत वर्षभर साचलेलं सगळं एका आरोळीत मोकळं करण्याची मुभा आपल्या पूर्वजांनी समाजाला दिली, पण ती देताना एक मेख मारून ठेवली. ती मुभा पुरुषांची. बाईमाणसाने होळीसमोर मारलेली बोंब तुम्ही कधी ऐकली आहे? मी नाही ऐकली. आणि आपल्या मराठीची चतुराई अशी की जे मुळात नाहीच, त्यालाही ती बोंबच म्हणते. आमच्याकडे डॉक्टरची बोंब, दिव्यांची बोंब, मास्तरांची बोंब. उणीव आणि आरोळी यांना एकच नाव देणारी भाषा किती शहाणी असेल! मात्र शिष्ट मंडळींना हा शब्द सोसत नाही. ते तीच कृती ‘शंखध्वनी’ म्हणून लिहितात, आणि मग ती कानाला लागेनाशी होते. मी अशा शिष्ट मंडळींपैकीच एक आहे, हे तुम्हाला आधीच सांगून टाकलेलं बरं.

तर या बोंबेची पहिलीवहिली छोटी रेकॉर्ड तयार झाली होती. गाणी चार, आणि चारही मिळून अकरा मिनिटांची. नांदेडला जिथे भजनं आणि जयंतीची गाणी ध्वनिमुद्रित होतात, तिथे एका दिवसात त्यांनी ती करून आणली. तिथला माणूस म्हणे शेवटपर्यंत विचारत होता की यात मुखडा कुठे आहे. पहिलं गाणं एसटीची वाट पाहण्याचं, दुसरं मुलगी पाहायला येणाऱ्या पाहुण्यांचं, तिसऱ्यात शब्दच नव्हते, नुसती बोंब होती. चौथं ‘कुलूप’. रेणुकेची एकच अट होती: रेकॉर्डचं प्रकाशन आमच्या शाळेच्या सभागृहात व्हावं आणि ‘कुलूप’ तिथे पूर्ण वाजावं. बाकीची तीन नाही वाजली तरी चालतील असं ती म्हणाली. नांदेडला एका महाविद्यालयाने बोलावलं होतं, ते तिने सोडून दिलं. मी समजले की पोरीचा शाळेवर जीव आहे. मला भरून आलं.

तिने ते गाणं मला फोनवर ऐकवलं, शेडच्या बाहेर उभं राहून. खरं सांगू का? त्या गदारोळात मला चार शब्दही धड लागले नाहीत. ‘कुलूप’ तेवढं कळलं, कारण ते वीसदा येत होतं. पण मराठीच्या शिक्षिकेला आणखी काय लागतं? मुलांना ओळीओळीत प्रतीक शोधायला लावण्यात माझं आयुष्य गेलं. कवितेत दिवा आला की तो ज्ञानाचा, नदी आली की ती जीवनाची, आणि पिंजरा आला की विचारायलाच नको! कुलूप हा शब्द कानावर पडताच माझ्या मनात अर्थविस्ताराचे दोन परिच्छेद आपोआप लिहून तयार झाले. तिला काही विचारावं असं वाटलंच नाही.

सभागृह मिळवण्याचं काम मी माझ्याकडे घेतलं. संस्थेच्या अध्यक्षांकडे लेखी अर्ज करावा लागतो, आणि अर्जात ‘बोंब या पंक रॉक बँडच्या’ असं लिहायला माझा हात धजेना. कागदावर तो शब्द किती उघडा दिसत होता! मग मी बोंबेचा शंखनाद केला आणि पंक रॉकचा ‘आधुनिक गीतप्रकार’. अध्यक्षांनी अर्ज वाचला, समाधानाने मान हलवली, आजच्या पिढीला असे संस्कार हवेत म्हणाले आणि सही केली. कार्यालयातल्या लिपिकांनी निमंत्रणपत्रिका छापताना आपल्या पदरचं एक विशेषण घातलं. त्यामुळे शाळेच्या फाटकावर जो भला मोठा फ्लेक्स लागला, त्यावर अक्षरं होती: ‘शंखनाद, सुश्राव्य गीतांचा प्रकाशन सोहळा’. बाजूला शंखाचं चित्र, खाली कमळ. मला ते वाचून हसू यायला हवं होतं. पण मी मनात म्हटलं, चला, निभावलं.

प्रकाशनाच्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास तिघं टेम्पोतून सामान घेऊन आली. रेणुका फाटकापाशी थांबली आणि तिने फ्लेक्स वरपासून खालपर्यंत वाचला. मग माझ्याकडे वळून तिने एवढंच विचारलं, “मॅडम, हे काहून?” मी तिला समजावलं की नाव हे वरवरचं असतं, आत काय वाजतं ते महत्त्वाचं, सभागृह मिळालं, गाणं वाजणार, आणखी काय हवं? तिने वाद घातला नाही. अझहर मात्र पोट धरून हसला. शंख तर आपल्याकडे नाहीच, आता कुणाकडून उसना आणायचा, असं तो सचिनला विचारत होता.

आणि माणसं कोण आली होती? पत्रिका वाचून गावातलं भजनी मंडळ आलं होतं, वीसेक बायका, हातात टाळ, डोक्यावर पदर, पुढच्या तीन रांगा धरून. शाळेचे शिक्षक, काही पालक, नववी-दहावीच्या मुली, आणि मागे बाळापूरची काही पोरं, ज्यांना खरं काय आहे ते ठाऊक होतं. भजनी मंडळाच्या सर्वांत थोरल्या आजींनी ड्रमकडे बोट दाखवून, हे हरिनामाला कसं लावतात, अशी माझ्याकडे चौकशी केली. मी काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेली.

आपल्याकडे प्रकाशनाचा एक विधी आहे, तो तुम्हाला ठाऊकच आहे. वस्तू रंगीत कागदात बांधलेली हवी. पाहुण्यांनी ती फीत सोडून उघडायला हवी. आणि मग सगळ्यांनी एका रांगेत, छातीशी धरून, छायाचित्रकाराकडे पाहायला हवं. पण गाणं छातीशी कसं धरणार? रेकॉर्ड होती ती इवल्याशा पेनड्राइव्हमध्ये, नखाएवढी. लिपिकांना हे मुळीच रुचलं नाही. त्यांनी कुठूनशी साडीची रिकामी पेटी आणली, तिच्यात पेनड्राइव्ह ठेवला आणि वर चमकीचा कागद चढवला. व्यासपीठावर अध्यक्षांनी फीत सोडली, कागद फाडला, झाकण काढलं आणि आत पाहतच राहिले. पेटी हलवली तेव्हा कोपऱ्यातून तो टकटक करत घरंगळला. भजनी मंडळाला हसू आवरेना. शेवटी सगळ्यांनी मिळून साडीची पेटीच छातीशी धरली.

मग भाषणं सुरू झाली. अकरा मिनिटांच्या रेकॉर्डवर त्या दिवशी पावणेदोन तास बोललं गेलं! प्रत्येकाने ‘मी जास्त वेळ घेणार नाही’ अशी सुरुवात केली आणि प्रत्येकाने घेतला. एकजण भारतीय संगीताच्या उगमापासून निघाले आणि वाटेतच दमले. एकांनी तरुणांच्या मोबाइलवर तोंडसुख घेतलं. अध्यक्षांनी आपल्या कारकिर्दीत शाळेला झालेली कमान, सभागृहाची चकचकीत फरशी आणि कोपऱ्याकोपऱ्यातले कॅमेरे यांची यादी वाचली. शाली झाल्या, नारळ झाले, शालींच्या शाली झाल्या. जिने गाणी लिहिली, ती पोरगी आपल्या सहकाऱ्यांसह भिंतीशी उभी, हातात माइकची वायर धरून. तिला खुर्ची द्यावी असं कुणाला सुचलं नाही. माझा संताप संताप होत होता. शब्दांचा एवढा उकिरडा करून ठेवायचा, आणि ज्याच्यासाठी जमलो त्यालाच त्याखाली पुरायचं, ही कुठली रीत? या माणसांना गाण्याची भीती वाटते म्हणून ती बोलतात, असं मी मनात म्हणत होते. किती निर्मळ होता माझा संताप! अजून माझी पाळी आली नव्हती ना.

समारोप माझ्याकडे होता. मी उभी राहिले आणि, आता लिहितानाही कानशिलं तापतात, मी फार सुंदर बोलले. ‘कुलूप’ या गीतातलं कुलूप म्हणजे युगानुयुगं बंदिस्त राहिलेल्या स्त्रीमनाचं प्रतीक होय, असं मी सांगितलं. हे कुलूप परंपरेने घातलं, भयाने गंजवलं, आणि त्याची किल्ली बाहेर शोधू नका, ती प्रत्येकीच्या अंतःकरणातच आहे, असंही सांगितलं. टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी वाहवा म्हटलं. आजींनी सुद्धा मान डोलावली. मी खुर्चीत बसले तेव्हा माझ्या चेहऱ्यावर नक्कीच कृतार्थता वगैरे असणार.

रेणुकेने माइक हातात घेतला. ती घाबरलेली नव्हती आणि चिडलेलीही नव्हती, एखाद्याचा दाखल्यातला पत्ता चुकला असेल तर केंद्रात ज्या आवाजात ती सांगत असेल, त्याच आवाजात म्हणाली, “मॅडम, ते कुलूप मनाचं न्हाई. ह्याच शाळंतल्या पोरींच्या संडासाचं हाय. अन् किल्ली आपल्या हापिसात ऱ्हाती.”

अझहरने चार वेळा काठीवर काठी मारली आणि गाणं सुरू झालं.

आता शब्द नीट कळत होते. की मला ते तेव्हा प्रथमच ऐकायचे होते? सकाळच्या एसटीपासून संध्याकाळच्या एसटीपर्यंत पाणी प्यायचं नाही. प्यालं की जावं लागतं. जायचं तर कुलूप. कुलपाची किल्ली कार्यालयात. कार्यालयात चार पुरुष चहा पीत बसलेले, आणि त्यांच्यासमोर उभं राहून, कशाला पाहिजे या प्रश्नाचं उत्तर देऊन, मोठ्याने किल्ली मागायची. म्हणून मागायची नाही. म्हणून प्यायचं नाही. आणि मग शब्द संपून नुसतं ‘किल्ली द्या, किल्ली द्या, किल्ली द्या’, इतक्या वेळा की तो आवाज तुमच्याच दाराशी कुणी धडका देतंय असा वाटू लागे.

मला एक सकाळ आठवली. उन्हाळ्याच्या तोंडाची, मैदानावर प्रार्थना चाललेली. आठवीतली रेणुका रांगेत उभी होती ती सरळ खाली कोसळली. आम्ही तिला सावलीत नेलं. मी स्वतः तिच्या ओठांशी पेला धरला, घोटभर पी म्हणून विनवलं, मग रागावले. तिने ओठ आवळून धरले होते. किती हट्टी पोर, असं मी शिक्षक-खोलीत सर्वांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिच्या आईला बोलावून, लेकराला उपाशी पाठवत जाऊ नका, असं चार माणसांत सुनावलं. ती माउली ओशाळून म्हणत राहिली की भाकरी खाऊन येते हो मॅडम, रोज खाऊन येते. मी तिच्यावर विश्वास ठेवला नाही.

त्या दारावर पूर्वी ‘मुलींचे संडास’ अशी पाटी होती. मग एका निरीक्षणाच्या वेळी ती बदलून ‘स्वच्छतागृह’ झाली, आणि पुढे कुणाच्या तरी सुसंस्कृत सूचनेवरून ‘प्रसाधनगृह’. पाटी उत्तरोत्तर सुगंधी होत गेली आणि कुलूप होतं तिथेच राहिलं. मुली घाण करतात, म्हणून ते लावलं होतं. वा रे न्याय! कमान बांधणाऱ्या हातांना, फरशी घासून आरशासारखी करणाऱ्या हातांना एका नळाची तोटी बसवता येत नव्हती? आणि आम्ही ज्या चौघी बाया तिथे शिकवत होतो, ज्यांचं स्वतःचं वेगळं स्वच्छ दार होतं आणि ज्याची किल्ली आमच्याच खोलीत खिडकीजवळच्या खिळ्याला टांगलेली असायची, त्या आम्ही काय करत होतो? मी प्रतीकं शिकवत होते. अठ्ठावीस वर्षं त्या बंद दारावरून ये-जा केली आणि कुलूप मला दिसलं ते कवितेत.

दुसरं कडवं संपायच्या आत अध्यक्षांनी लिपिकांना खूण केली. माइक बंद पडला, गिटारही मुकी झाली. पण ड्रमला वीज लागत नाही, आणि रेणुकेच्या गळ्यालाही लागली नाही. अझहर वाजवत राहिला, ती ओरडत राहिली, सचिनने गिटार खाली ठेवून टाळ्यांचा ठेका धरला. मागची पोरं उभी राहिली. नववी-दहावीच्या मुली मात्र खाली माना घालून बसल्या होत्या, आणि त्यांच्या त्या वाकलेल्या माना पाहून मला समजलं की या गाण्यात जुनं काहीच नाही. ते आजचं, त्या दिवशीच्या सकाळचं होतं. गाणं पूर्ण झालं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या आजी टाळ पिशवीत ठेवून उठल्या. दोन्ही गुडघ्यांवर हात टेकत, सावकाश. लिपिकांसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “भाऊ, किल्ली दे बरं. मला जायाचं हाय.”

लिपिकांनी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं, हिंगोलीला एक बैठक असल्याचं जाहीर केलं आणि ते निघाले. त्यांच्यामागे व्यासपीठ रिकामं झालं. किल्ली शोधायला बराच वेळ गेला. सापडली ती फिरेना. कुलूप आतून गंजून गेलं होतं. एकेक करत सगळं भजनी मंडळ त्या दारासमोर येऊन उभं राहिलं, त्यांच्यामागे मुली. शेवटी अझहर टेम्पोतून आपली हत्यारांची पिशवी घेऊन आला आणि दोन मिनिटांत कडी उचकटून त्याने दार लोटलं.

आत काय असेल असं तुम्हाला वाटतं? आत फ्लेक्स होते. आजवरच्या सगळ्या सोहळ्यांचे, गुंडाळून, छतापर्यंत रचलेले. गौरव समारंभ, संस्कार शिबिर, स्त्रीशक्ती सन्मान. एका गुंडाळीच्या टोकाला माझंही नाव दिसत होतं. माझ्या निवृत्तीच्या निरोपाचा फ्लेक्स होता तो. संडासाचं भांडं त्यांच्याखाली कुठेतरी होतं. आजी क्षणभर आत पाहत राहिल्या, मग पदर सावरून समोरच्या ओळखीच्या घराकडे चालू लागल्या. मग एक मुलगी पुढे झाली आणि तिने एक फ्लेक्स ओढून बाहेर टाकला. दुसरीने दुसरा. मी पाहत उभी होते. माझ्या नावाचा आला तेव्हा त्यांनी तोही बाहेर टाकला, इतरांवर.

सभागृहात परतले तेव्हा रेणुका एकटीच वायर कोपराभोवती गुंडाळत होती. उन्हं तिरपी होऊन फरशीवर आली होती. माझ्या खांद्यावर अजून ती सत्काराची शाल होती. मी ती काढून खुर्चीवर ठेवली. मला तिला पुष्कळ सांगायचं होतं. मी म्हणाले की तू एकदा तरी मला बोलायला हवं होतंस. मला कल्पना नव्हती. माहीत असतं तर मी गप्प बसले असते का? ती ऐकत होती. वायरीचा वेढा पुरा करून तिने तो ड्रमच्या पेटीवर ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

“मॅडम, एक इचारू? तुमी शाळंत पाणी पीत होत्या का?”

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. माझ्या तोंडाशी किती वाक्यं आली म्हणून सांगू! तो काळच तसा होता, व्यवस्थेपुढे एकटी बाई काय करणार, आपण सगळ्याच थोड्याफार बंदिस्त होतो. घडवलेली, तोललेली, टाळ्या घेणारी वाक्यं. बाहेर मुली फ्लेक्स ओढत होत्या, त्यांचा फरफर आवाज आत येत होता. रेणुका थांबून होती.

“हो,” मी म्हणाले. “रोज पीत होते.”